परत आलेलं ईदकार्ड

ईद होऊन तिसरा दिवस उजाडला आणि गनीला ईदकार्ड आलं. ते त्यानं स्वतःच काढलेलं होतं. हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्या कार्डाचं मनापासून कौतुक करून झालं होतं, ह्याचा राग त्याला सगळ्यात आधी आला. टपालवाला पाकीट देऊन गेला तेव्हा गनी नगरच्या झेंडीगेटातल्या आपल्या खोलीच्या दारात, एका पायात वहाण घालून, कचेरीला निघायच्या बेतात उभा होता. लढाईपायी सगळंच टपाल उशिरा येई, तेव्हा शिळ्या शुभेच्छांचं त्याला काही वाटलं नाही. पाकिटातून एक जाड, कडांना मऊ पडलेला कागद निघाला. हिरव्या शाईतली मशीद, दोन मिनार, मधे कमानीचा दरवाजा, वर चंद्रकोर, तिच्याखाली वळणदार उर्दूत ईद मुबारक आणि चहूबाजूंनी वेल. वेलीचं एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं आणि तरी सगळी एकाच वेलीची वाटत होती. काय हात आहे, गनी मनात म्हणाला. मग त्यानं सोबतची चिठ्ठी वाचली. ती त्याच्या धाकट्या बहिणीची, सोनईला दिलेल्या सरवरीची होती. ‘गनीभाईंना सलाम. हे कार्ड मागच्या ईदला पुणतांब्याहून आमच्याकडे आलं. तिकडे कोणी मोठा कारागीर असावा. तुम्हालाही पूर्वी हा नाद होता म्हणून मुद्दाम तुम्हाला पाठवते आहे. समोर ठेवून गिरवलंत तर तुमचाही हात सुधारेल.’

गनीनं पुन्हा मशिदीकडं पाहिलं, ह्या वेळी त्या कारागिराचे दोष काढायच्या इराद्यानं, आणि डाव्या मिनाराच्या सज्ज्यावर त्याची नजर अडकली. उजव्या सज्ज्याला सात कंगोरे होते, डाव्याला सहा. सातवा काढायच्या वेळेला ओल्या शाईत एक मुंगी शिरली होती, तिला फुंकर मारून घालवण्यात कंगोरा राहून गेला होता, आणि पुढं तिथं बोट फिरवून गनी स्वतःशीच म्हणाला होता की हे अल्लाशिवाय कुणाला कळायचं नाही. त्याला आधी मुंगी आठवली आणि मग आपण आठवलो. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुसरी वहाण पायात घालायची राहिली आणि तो तसाच अर्धा रस्ता चालत गेला, मग ती आणायला परत आला, आणि तिच्यावरही रागावला. मोजणीच्या कचेरीत तो नकाशे उतरवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतांचे बांध, ओढे आणि विहिरी काढायच्या, आणि संध्याकाळी त्याच हातानं घरच्यांसाठी कार्डं. कुणाच्या बाळाचा अकीका, कुणाच्या पोराच्या शिक्षणाची बिस्मिल्ला, निकाह, ईद, बकरीद. बेलापूरला त्याच्या थोरल्या भावाची म्हैस व्याली तेव्हाही त्यानं कार्ड पाठवलं होतं, रेडकाच्या कपाळी चांद काढून. लोक हसले, पण ते कार्ड पुढं दोन वर्षं गोठ्यात टांगलेलं होतं आणि पाहुण्यांना दाखवलं जायचं. घराला त्याचा तेवढा उपयोग होता. घरच्या विड्याच्या पानांच्या दुकानावर तो बसला नाही, शेत त्याला कळलं नाही, पण कार्ड काढावं तर गनीनं, हे सगळे कबूल करत. तीन वर्षांमागं त्यानं ते काढणं एकाएकी बंद केलं, तेव्हा सगळ्यांनी कागदाची टंचाई आहे असं समजून घेतलं. कुणी विचारलंही नाही.

कचेरीत नकाशे उतरवायला काचेचं टेबल होतं. खाली आरसा तिरपा लावून खिडकीतला उजेड काचेतून वर घेत. गनीनं काचेवर नकाशाऐवजी कार्ड ठेवलं. खालच्या कोपऱ्यात, जिथं पाठवणाऱ्याचं नाव असतं तिथं, कागद पातळ झाला होता आणि उजेड जास्त येत होता. ब्लेडनं शाई खरवडायची, मग नखाच्या पाठीनं कागद घोटायचा, म्हणजे वर पुन्हा लिहिता येतं. ही कचेरीतली विद्या. ती गनीनंच घरी नेली होती आणि मुबारकबी भाभीला, म्हणजे थोरल्या चांदभाईच्या बायकोला, हौसेनं शिकवली होती. आता त्या घोटलेल्या जागेत, ओढ्यानं पात्र बदललं की नकाशात जुनी रेघ पुसट राहते तशी, एकाखाली एक नावं दिसत होती. सगळ्यात खाली ‘गनी, अहमदनगर’. त्यावर ‘मुबारकबी, बेलापूर’. त्यावर ‘बाबाजान, पुणतांबा’, हा भाभीचा भाऊ. आणि सगळ्यात वर, ताज्या निळ्या शाईत, ‘सरवरी, सोनई’.

“काय रं गनीभाई, कुनाची जमीन हाय?” शेजारच्या टेबलावरचा गोरक्ष मान लांब करून बघू लागला.

“माझी.”

“मशीद हाय की ही. लई झ्याक काढलीय.” गोरक्षनं नावं मोजली. “चार घरांनी वापरली व्हय? मंग ह्यात रागावायचं काय? एका कार्डात चार घरांची ईद झाली. सरकार बी तेच म्हनतंय, कागद वाचवा.”

“हे मी अम्मासाठी काढलं होतं.”

“मंग तिला मिळालं की. तिनं सुनंला दिलं, सुनंनं भावाला दिलं. पुरनपोळी न्हाई का अशी ह्या घरची त्या घरी जात?”

“पुरणपोळी परत येते का, गोरक्ष?”

गोरक्षनं विचार केला. “आमच्या मावशीकडची येती,” तो म्हणाला.

गनीला त्या क्षणी गोरक्षचाही राग आला, पण तो रांगेत बराच मागं होता. आधी कुणावर रागवायचं हेच ठरेना. सरवरीवर रागवावं तर तिनं हे कार्ड त्यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. ते बेलापूरला पोचलं तेव्हा तिचं लग्न होऊन ती सोनईला गेली होती. आणि लग्न आठवलं की सगळा राग आपोआप चांदभाईकडं वळायचा, पावसाचं पाणी उताराला वळावं तसा. सरवरीच्या निकाहची साठ निमंत्रणं गनीनं काढली होती. छापखान्यात छापून घ्या असं कुणीतरी म्हणालं होतं. गनीनं ते हसण्यावारी नेलं, दोन महिने रात्रंदिवस खपला आणि साठ कार्डांवर साठ वेगवेगळ्या वेली काढल्या, म्हणजे दोन पाहुणे शेजारी बसले आणि त्यांनी कार्डं ताडून पाहिली तरी मन दुखायला नको. वडील गेलेले, म्हणून निमंत्रक म्हणून चांदभाईचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली आपलं बारीक. आदरानं बारीक. मग लग्नाच्या आदल्या दिवशी बेलापूरला पोचल्यावर, पानसुपारीच्या तबकाशेजारी पडलेलं एक कार्ड त्यानं सहज हातात घेतलं, तर चांदभाईच्या नावाखाली कोरी जागा होती. छान घोटलेली. नखाच्या पाठीनं. साठही कार्डांवर. त्यानं चांदभाईला मांडवात गाठलं. चांदभाई तेव्हा दोरी ओढत होता. “माझं नाव कुठं गेलं?” गनीनं विचारलं. “दोरी धर,” चांदभाई म्हणाला. गनीनं दोरी धरली. लग्न पार पडलं, पंगती उठल्या, सरवरी रडत रडत सोनईच्या गाडीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गनी उंबऱ्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “अम्मा बोलावील तेव्हाच ह्या घरात पाय ठेवीन.” अम्मा आतमधे पानं पुसत होती. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसून टोपलीत रचायची, सबंध आयुष्य तिनं तेच केलं होतं. तिनं मान वर केली नाही. गनीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण उंबऱ्यावरून तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणणं बरं दिसत नाही. तो निघाला.

आणि मग ईद आली. जाड कागदाचा एकच ताव उरला होता आणि त्यावर गनीनं ही मशीद काढली. मशिदीचा दरवाजा उघडणारा होता. कमानीच्या रेघेवरून ब्लेड फिरवून, एका बाजूनं कागद जोडलेला ठेवून, मागं दुसरा कागद चिकटवून त्यानं खरोखरीचं कवाड केलं होतं, आणि टपालात उघडू नये म्हणून त्याच्या कडेला डिंकाचा इवलासा ठिपका दिला होता. नखानं उचकटलं की उघडावं. आत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘अम्मा, बोलाव. मी येतो.’ वर लिहिलं असतं तर चांदभाईनं वाचलं असतं, आणि चांदभाईपुढं नाक घासायची गनीची तयारी नव्हती. दरवाजा दिसला की माणूस तो ढकलून बघतो, अशी त्याची साधी समजूत होती. कार्ड पाठवलं आणि तो वाट बघत बसला. आठ दिवसांनी भाभीचं पत्र आलं. ‘कार्ड पोचलं. सगळ्यांना आवडलं. अम्मा खूश आहेत.’ हे वाक्य गनीनं तीन वर्षं जवळ बाळगलं होतं. खूश आहेत. म्हणजे वाचलं, खूश झाल्या आणि बोलावलं नाही. तो रस्त्यानं चालता चालता मधेच थांबून म्हणायचा, खूश आहेत. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालायच्या आधी म्हणायचा. एकदा साहेबांसमोर म्हणाला, तर साहेबांना वाटलं आपल्याविषयीच आहे, आणि ते दिवसभर खरोखरच खूश होते. तीन वर्षांत त्यानं घरच्यांसाठी एक रेघ ओढली नाही. त्यांच्याकडं पाठवायला मग हे एकच कार्ड उरलं, हे त्याला आत्ता, काचेवर, खालून येणाऱ्या उजेडात कळत होतं. आणि दुसरंही एक कळत होतं. डिंकाचा ठिपका जागच्या जागी होता. कवाडाच्या कडेला तीन वर्षांची धूळ बसून ती रेघ मूळच्यापेक्षा पक्की झाली होती. तीन घरं, आणि एकानंही दार उघडलं नव्हतं.

“हे उघडतं,” तो गोरक्षला म्हणाला.

“काय उघडतं?”

“दरवाजा. ढकल.”

गोरक्षनं हात मागं घेतला. “न्हाई बाबा.”

“ढकल म्हणतो ना.”

“मशीद हाय ती, गनीभाई. मी कसा बोट लावू? तुमच्यात चालत आसंल.”

गनी खुर्चीत मागं टेकला. तुमच्यात चालत असेल. अजिबात चालत नव्हतं. अम्मानं हे कार्ड हातात घेतलं असेल, डोळ्यांना लावलं असेल, आणि मशीद आहे म्हणून हात पोचणार नाही अशा उंचीवर, कोनाड्याच्याही वर, खिळ्याला टांगलं असेल. वर्षभर त्याला कुणाचं बोट लागलं नसेल. हात-तोंड धुऊन वजू केल्याशिवाय भाभीनं त्याच्यावरची धूळ झटकली नसेल. आणि चंद्राखाली मुबारक हर्फ, पवित्र अक्षरं होती, म्हणून ते जाळता येत नव्हतं, टाकता येत नव्हतं, जिथं पाय लागेल तिथं ठेवता येत नव्हतं. असं कार्ड घरात असलं की त्याचं करायचं काय? दुसऱ्या मुसलमानाच्या घरी पाठवायचं. तोही टाकू शकत नाही. तोही पुढं पाठवतो. सबंध जिल्ह्यात हे कार्ड असंच अदबीनं फिरत राहिलं असतं, पिढ्यान्‌पिढ्या, प्रत्येकानं खालचं नाव खरवडून, आणि दरवाज्याला कुणी हात लावला नसता. नाव खरवडायला मात्र कुणाला वजू लागला नाही. हा सगळा आदर होता. गनीला शिव्या घालायला एक माणूस पाहिजे होता आणि समोर नुसता आदर उभा होता.

दुपारच्या सुट्टीत त्यानं रागाचं कार्ड काढायला घेतलं. हा विचार त्याला एकदम आला आणि फार बरोबर वाटला. बारशाला कार्ड असतं, ईदला असतं, मग घरच्यांचा राग आला तर कशावर कळवायचं? मधोमध जाड अक्षरात ‘तुमचा धिक्कार असो’ लिहावं, खाली ‘सर्व कुटुंबीयांस, गनीकडून’. त्यानं फेरफाराच्या जुन्या कागदाची कोरी बाजू घेतली, रूळ लावला, अक्षरं आखली. अक्षरं झाली. मग कडेची जागा मोकळी दिसू लागली. रागाला वेल शोभत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं काटे काढले. काट्यांच्या बुडाशी पानं आली. पानांमुळं काटे उठून दिसले. एका काट्यावर त्यानं, मोकळं दिसतंय म्हणून, एक छोटासा पक्षी बसवला, आणि मग हात थांबवून बघितलं. फार सुंदर झालं होतं. अम्मानं ते डोळ्यांना लावलं असतं. पुढच्या ईदला ते पुणतांब्याला गेलं असतं. गनीनं ते टराटरा फाडलं, आणि फाडतानाही तुकडे सारखे पडले. आपला हात कुरूप काही करूच शकत नाही, ह्याचा त्याला इतका संताप आला की तो सरळ उठून साहेबांच्या खोलीत गेला. साहेब मऊ माणूस. गनीनं तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “रजा ना? जा की. किती दिवसांत गेला नाहीत घरी.” दयाळूपणाही एवढ्या वेळेवर आला की चीड आणतो. आभार मानायला लागू नयेत म्हणून गनी मान हलवून बाहेर पडला.

दुपारच्या गाडीत सोल्जरांची गर्दी होती. गनी खिडकीला चेपून बसला, कार्ड कोटाच्या आत, छातीवर. विळद गेलं, वांबोरी गेलं, राहुरीला गाडी बराच वेळ उभी राहिली. तो मनात भाषण जुळवत होता. आधी कार्ड समोर ठेवायचं. मग काही बोलायचं नाही. मग नावं एकेक वाचायची. मग दरवाजा उघडायचा. मग अम्मा रडेल. तो तिला रडू देणार होता. चांदभाईनं माफी मागावी की नुसती मान खाली घालावी ह्याचा निर्णय राहुरीपर्यंत झाला नव्हता, आणि गाडी सुटली तेव्हा माफीकडं कल झुकत होता. मधेच त्याला अम्माच्या बोटांचा वास आला, ओल्या पानांचा, काथाचा आणि जुन्या फडक्याचा. डब्यात तसा वास येण्यासारखं काहीच नव्हतं. लहानपणी ती वाजवायची तेव्हा आधी हा वास यायचा आणि मग चापट. तीन वर्षं त्यानं तिच्यावर रागावताना तिचा चेहरा आठवला होता, आवाज आठवला होता, हा वास विसरला होता, आणि आता अचानक वाटलं की आपल्याला बोलावणार नाही ते बोलावणार नाही, आणि एक दिवस कुणीतरी दुसरंच कार्ड पाठवील, काळ्या शाईतलं, तेही आपल्यालाच काढायला सांगतील. मग बेलापूरचं स्टेशन आलं. टांग्यात बसून गावात पोचेपर्यंत त्यानं भाषण पुन्हा पाठ केलं.

अम्मा ओसरीवर पानं पुसत बसली होती. घरात सगळे दखनी बोलत, पण अम्मा रागावली की मराठीत बोलायची, म्हणजे शेजाऱ्यांनाही पुरं कळावं. गनीला बघून तिनं हातातलं पान पुसून पुरं केलं, टोपलीत ठेवलं, आणि मराठीत विचारलं, “कुनी बोलावलं तुला?”

“कुणी नाही.”

“मग कसा आलास?”

“गाडीनं,” गनी म्हणाला. भाषणात हे नव्हतं.

चांदभाई दुकानावरून नुकताच आला होता, तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिला. भाभी दाराआड. गनीनं काही न बोलता कार्ड अम्मासमोर ठेवलं. तिनं ते उचलून डोळ्यांना लावलं. “आपल्याकडं हुतं असंच एक,” ती भाभीला म्हणाली. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. गनीनं कार्ड घेतलं, खिशातून ब्लेड काढलं आणि कमानीच्या कडेला लावलं.

“क्या करता रे!” चांदभाई ओरडला. “मस्जिदकू ब्लेड लगाता?”

“हाय अल्ला,” भाभी म्हणाली.

डिंक टचकन सुटला. कवाड उघडलं. गनीनं ते चांदभाईपुढं धरलं. “वाचा,” तो म्हणाला. “मोठ्यानं.”

चांदभाईनं लांब धरून वाचलं, शाळेतल्यासारखं. “अम्मा, बोलाव. मी येतो.” मग उलटं करून मागं आणखी काही आहे का पाहिलं. गनीनं अम्माकडं पाहिलं. आता ती रडायची होती.

“हे मला लिवलं हुतंस?” अम्मानं विचारलं.

“हो.”

“मला वाचाया येत न्हाई, ठावं न्हाई तुला?”

“भाभी वाचून दाखवील असं—”

“म्हंजी भाभीला कळायचं. मग आळीला कळायचं. की अम्मानं आवतन दिल्याबिगर तिचं पोरगं घरी येत न्हाई.”

“रुसलेल्या माणसाला बोलवायचं असतं, अम्मा!” गनीचा आवाज चढला. “तीन वर्षं मी टपालवाल्याच्या तोंडाकडं बघत होतो. एक ओळ! एक ओळ लिहून घ्यायची कुणाकडून तरी!”

“पाहुन्याला बोलवत्यात,” अम्मा म्हणाली. तीही आता चढ्या आवाजात बोलत होती आणि पलीकडच्या घरातलं जातं बंद पडलं होतं. “व्याह्याला बोलवत्यात. पोटच्या पोराला कोन बोलवतं रं? तू जलमाला आलास तवा आवतन धाडलं हुतं व्हय मी? आलास नव्हं तसाच? उंबऱ्यावर हुबा राहून म्हनतो, अम्मा बोलावंल तवा यीन. ऐकलं हुतं मी. बहिरी न्हाई मी. म्हनलं, ह्यो पाहुना झाला. पाहुना तर पाहुना. हे तुझं दार मला दिसलं असतं, उघडलं असतं, कुनी वाचून दाखवलं असतं, तरी बी मी बोलावलं नसतं. मरंपातुर न्हाई.”

गनीला वाटलं आपण गाडीतच आहोत आणि गाडी उभी आहे. तीन वर्षांचा राग एका डिंकाच्या ठिपक्यावर रचलेला होता, आणि ठिपका सुटला तरी काही फरक पडत नव्हता असं ही बाई सांगत होती. दार उघडं असो की बंद, पत्र पोचो की न पोचो, उत्तर तेच होतं. मग आपण इतके दिवस रागावलो ते कशावर? ते सगळं खरवडून आता कुठल्या नावावर लिहायचं?

“आन् मी लोकास्नी काय सांगायचं?” अम्मा थांबायला तयार नव्हती. “ईदला समदे इचारत्यात, गनी कुठं हाय. म्हनलं, त्याचा साहेब रजा देत न्हाई. तीन वर्सं त्या साहेबाला शिव्या खाव्या लागल्यात माझ्यापायी. कारभारी पाटील तर म्हनत हुता, नगरला जाऊन त्याचं टकुरंच फोडतो.”

गनीला साहेबांचा मऊ चेहरा आठवला. हसू येण्यासारखी वेळ नव्हती म्हणून तो चांदभाईवर उलटला. “आणि तुम्ही, भाईजान? माझं नाव का खरवडलंत? साठ कार्डांवरनं?”

चांदभाईनं खांबाचा पापुद्रा नखानं काढला. मग म्हणाला, “तेरा नाम बारीक था. मेरा मोठा. लोक बोलते, चांद छोट्या भाईकू दबाता. खराब दिखता था. इसलिये निकालच डाला.”

“मग मोठं करायचं होतं!”

“मेरेकू कहाँ तेरे सरीखा लिखने आता?”

हे खोटं असणार. पण इतकं मूर्ख खोटं चांदभाईला सुचणं कठीण होतं, म्हणून खरंही असेल. गनीला दोन्ही शक्यतांचा सारखाच राग आला. भाषण संपलेलं होतं आणि कुणी माफी मागितली नव्हती. अम्मा उठली, टोपली उचलून आत गेली. चांदभाई हातपाय धुवायला गेला. भाभी चुलीकडं. ओसरीवर तो एकटा राहिला.

आतून पितळ्या मांडल्याचा आवाज आला. कालवणाचा वास आला. दिवेलागण व्हायची होती, समोरच्या आळीतून गुरं परतत होती. चांदभाई आत जाऊन बसला, त्याचा घसा खाकरलेला ऐकू आला. गनी वाट बघत होता. आता कुणीतरी म्हणेल, गनी, चल. भाभी तरी म्हणेल. अम्माच्या हाताचा भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, एक झाली, दुसरी झाली. कुणी काही म्हणालं नाही. निघून जावं. परतीची गाडी असेल, नसेल, स्टेशनावर बसावं. तो उठला, कोटाची बटणं लावली, दोन पायऱ्या उतरला. पाठीमागं तिसरी भाकरी पडली. ही बाई हाक मारणार नाही हे त्याला मणक्यातून कळत होतं. तो स्टेशनावर बसला, नगरला गेला, म्हातारा झाला तरी ती हाक मारणार नव्हती, आणि तो गेला की ही ओसरीवर बसून साहेबाला शिव्या देणार होती. पायऱ्यांवर उभा राहून त्यानं मनातल्या मनात ह्या घरातल्या एकेकाला शिव्या घातल्या, अगदी नावनिशीवार, म्हशीसकट. मग तो वळला आणि आत गेला.

तिघांनी मान वर केली नाही. चांदभाई भिंतीला धरून मधोमध मांडी पसरून बसला होता. गनीनं फळीवरून आपली पितळी आपणच काढली, आपटून खाली ठेवली आणि चांदभाईच्या शेजारी गुडघा घातला.

“सरका,” तो म्हणाला.

“उधर जागा है की.”

“इथंच बसणार. सरका.”

चांदभाई सरकला, पुरता नाही, वीतभर. गनीनं गुडघ्यानं ढकलून आणखी वीतभर जागा केली. अम्मा चुलीपुढं पाठमोरी बसली होती. तिनं पिठाचा नवा गोळा घेतला आणि भाकरी थापायला सुरुवात केली, परातीचा आवाज आळीत जाईल एवढ्या जोरानं.